दुसरे पुस्तक : विधी शिक्षणाच्या पहिल्या वर्षातील पूरक वाचनाची निवड

कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याजवळ पहिल्या महिन्याभरातच दोन प्रकारची पुस्तके जमा होतात. मूळ अधिनियमाची प्रत, जिला विद्यार्थी ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात, आणि प्राध्यापकांनी सुचवलेला एखादा मोठा ग्रंथ ही पहिल्या प्रकारातली. तर परीक्षेची चिंता, भाषेची अडचण किंवा वरच्या वर्गातील मुलांचा सल्ला यांपोटी जी घेतली जातात, ती दुसऱ्या प्रकारातली. गाईड, प्रश्नोत्तरांचे संच, खटल्यांचे सारांश, खासगी क्लासच्या झेरॉक्स नोट्स आणि मागील प्रश्नपत्रिकांची सोडवलेली उत्तरे ही सर्व या दुसऱ्या पुस्तकाचीच रूपे होत. पहिल्या पुस्तकांची निवड अभ्यासक्रमच करून देतो. दुसऱ्याची निवड मात्र विद्यार्थ्याला एकट्याने आणि बहुधा दुकानाच्या काउंटरवर उभे राहून करावी लागते. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावातून लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयात किंवा नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात शिकायला जाणाऱ्या, बहुधा घराण्यातून वकिलीकडे वळलेल्या पहिल्याच विद्यार्थ्याला या निवडीत मदत व्हावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे.

पूरक या शब्दाला अर्थ येतो तो उणिवेमुळे. मुख्य साधनात काय कमी आहे हे ठरल्याशिवाय पूरक साधन निवडता येत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विषयात ही उणीव वेगळी असते. म्हणून सर्व विषयांसाठी एकाच मालिकेतील गाईड घेण्याची सर्रास रूढ पद्धत मुळातच चुकीची आहे, हे या पुस्तकाचे प्रमुख प्रतिपादन होय. करार कायद्यात नियम छापील स्वरूपात समोर असतो पण तो कोणत्या प्रसंगातून घडला ते दिसत नाही. अपकृत्याच्या कायद्यात प्रसंग भरपूर असतात पण नियमाचा सांगाडा कोठेही एकत्र लिहिलेला नसतो. संविधानात मजकूर आणि निवाडे दोन्ही असतात, पण त्यांचा कालक्रम हाती नसेल तर एक निवाडा दुसऱ्याच्या विरोधात उभा राहतो.

परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले सल्ले या बाबतीत जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत, याचे कारणही इथेच सापडते. हार्वर्ड विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी 1870 नंतर तेथे निवाड्यांवरून नियम शोधून काढण्याची अध्यापनपद्धती रुजवली आणि 1871 मध्ये करारविषयक निवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या पद्धतीत विद्यार्थ्याच्या हाती फक्त निवाडे येतात आणि नियम त्याने स्वतः काढायचा असतो. साहजिकच तेथील पूरक पुस्तके नियम सरळ मांडून दाखवतात. भारतात क्रम उलटा आहे. येथे 1872 पासून करारांचा कायदा कलमवार संहितेच्या रूपात आहे, नियम पहिल्या पानापासून उघड आहे, आणि तरीही बाजारातील बहुतेक गाईड तोच नियम पुन्हा एकदा, थोड्या सोप्या व थोड्या चुकीच्या शब्दांत सांगतात. विद्यार्थी ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो ती गोष्ट त्याच्याकडे आधीच असते.

हे नेमके कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहणे इष्ट ठरेल. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे कायद्याने ठरवलेले वय पूर्ण न केलेल्या व्यक्तीने, केलेला करार शून्य असतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो झालेलाच नसतो, असे एक वाक्य प्रत्येक गाईडमध्ये आढळते आणि त्यापुढे कलम 11 असा आकडा दिलेला असतो. विद्यार्थ्याने कलम 11 उघडले तर तेथे हे वाक्य नाही. त्या कलमात करार करण्यास सक्षम कोण एवढेच सांगितले आहे : जो सज्ञान आहे, ज्याचे मन ठिकाणावर आहे आणि ज्याला कोणत्याही कायद्याने अपात्र ठरवलेले नाही तो. कलम 10 सांगते की सक्षम पक्षांच्या मुक्त संमतीने झालेले समझोते करार ठरतात. पण सक्षम नसलेल्या व्यक्तीने सही केली तर काय होते, तो व्यवहार मुळातच शून्य, की शून्यकरणीय, म्हणजे त्या व्यक्तीने इच्छिल्यास रद्द करता येण्याजोगा, याचे थेट उत्तर या दोन्ही कलमांत नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भारतातील न्यायालयांत याविषयी एकमत नव्हते.

उत्तर आले ते 1903 मध्ये, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात, त्या काळचे सर्वोच्च अपील न्यायासन असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडून. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान तरुणाने 1895 मध्ये ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराला वीस हजार रुपयांच्या कर्जापोटी आपली मालमत्ता गहाण लिहून दिली. सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला धर्मोदासाच्या अज्ञानपणाची माहिती होती. पुढे धर्मोदासाच्या वतीने त्याच्या आईने गहाणखत शून्य ठरवण्यासाठी दावा लावला, तेव्हा सावकाराच्या बाजूने म्हटले गेले की धर्मोदासाने आपण सज्ञान असल्याचे लिहून दिले होते, तेव्हा आता त्याला उलट बोलता येणार नाही. स्वतःच्या पूर्वीच्या निवेदनाविरुद्ध बोलण्यास कायद्याने केलेल्या या मनाईला विबंध म्हणतात. प्रिव्ही कौन्सिलने हा मुद्दा फेटाळला, कारण खरी वस्तुस्थिती ज्याला माहीत होती त्याची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. आणि कलम 10 व 11 एकत्र वाचून असा निष्कर्ष काढला की सक्षमता ही कराराची पूर्वअटच असल्यामुळे अज्ञानाचा व्यवहार मुळातच शून्य होय. कर्जाची रक्कम परत मिळवण्यासाठी सावकाराने पुढे केलेली कलम 64 व 65 ही सक्षम पक्षांमधील करार गृहीत धरतात, म्हणून तीही त्याच्या कामी आली नाहीत.

एवढे वाचल्यावर विद्यार्थ्याला पुढील प्रश्न आपोआप पडतात. अज्ञानाने पैसे घेऊन ते बुडवावेत काय? कलम 68 नुसार त्याला पुरवलेल्या जीवनावश्यक वस्तूंची भरपाई त्याच्या मालमत्तेतून का मिळते? 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या, म्हणजे नुकसानभरपाईऐवजी प्रत्यक्ष हक्काची अंमलबजावणी करून देणाऱ्या कायद्याच्या, कलम 33 ने अज्ञानाला मिळालेला लाभ परत करायला लावण्याची तरतूद कशी केली? ज्या पूरक पुस्तकात ही साखळी कलमापासून निवाड्यापर्यंत आणि निवाड्यापासून नंतरच्या कायद्यापर्यंत ओवलेली असते, ते करार कायद्यासाठी चांगले पूरक पुस्तक. अवतार सिंग यांचा करार कायद्यावरील ग्रंथ देशभर विद्यार्थ्यांच्या हाती राहिला तो याच गुणामुळे. सर फ्रेडरिक पोलॉक आणि मुंबईचे दिनशा फरदुनजी मुल्ला यांचा ग्रंथ याहून कितीतरी सखोल आहे, पण पहिल्या वर्षात तो ग्रंथालयात बसून एखाद्या मुद्द्यापुरता पाहावा. विकत घेण्याची आवश्यकता नाही.

अपकृत्य म्हणजे कराराशी संबंध नसलेला असा दिवाणी अपराध, ज्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते; निष्काळजीपणा, बदनामी, उपद्रव ही त्याची ओळखीची उदाहरणे. या विषयाला बेअर अ‍ॅक्टच नाही. तो मुख्यतः इंग्लंडमधील निवाड्यांतून घडला आणि भारतीय न्यायालयांनी तो आपल्या परिस्थितीनुसार वळवला. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या 1868 च्या निवाड्याने धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी टाकली, पण तिला अपवाद ठेवले. दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून 1985 मध्ये झालेल्या वायुगळतीनंतर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात ते अपवाद काढून टाकून धोकादायक उद्योगांवर संपूर्ण दायित्वाचे तत्त्व लागू केले. त्याआधीच्या वर्षी भोपाळची वायुदुर्घटना घडलेली होती, हे लक्षात घेतले की निवाड्याचा रोख कळतो. या विषयात पहिले पुस्तकच ग्रंथकाराचे असते. रतनलाल आणि धीरजलाल या मुंबईच्या जोडीचा ग्रंथ किंवा आर. के. बंगिया यांचे पाठ्यपुस्तक. पूरक म्हणून येथे लागतो तो सांगाडा : प्रत्येक अपकृत्याचे घटक, बचाव आणि उपाय यांचा एका पानात मावणारा आराखडा. तो विकत मिळतो, परंतु विद्यार्थ्याने स्वतः केलेला अधिक टिकतो, कारण तो करताना निवाडे वाचावेच लागतात. ग्राहक संरक्षणाचा भाग याच विषयाला जोडलेला असल्यास पुस्तक 2019 च्या अधिनियमावर आधारलेले आहे, 1986 च्या नव्हे, एवढे पाहून घ्यावे. नवा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला आहे.

जुन्या आवृत्तीचा प्रश्न सर्वांत गंभीर झाला आहे तो फौजदारी कायद्यात. 1 जुलै 2024 पासून 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. दंड संहितेची 511 कलमे होती. न्याय संहितेची 358 आहेत, आणि आकडे पूर्णपणे बदलले आहेत. खुनाची शिक्षा 302 वरून 103 वर गेली. फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये आहे. याहून धोक्याची गोष्ट ही की जुने आकडे नव्या संहितेत वेगळ्याच अपराधांसाठी वापरले गेले आहेत : न्याय संहितेतील 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याविषयी आहे, आणि जुन्या संहितेत सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचे असलेले 304 हे कलम आता हिसकावून केलेल्या चोरीचे आहे. गावाकडच्या बोलण्यात ‘तीनशे दोन’ आणि ‘चारशे वीस’ इतके रुळलेले आहेत की जुनी पिढी ते सहज सोडणार नाही, आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते घरूनच घेऊन येतो.

म्हणून वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून अर्ध्या किमतीत मिळणारे 2024 पूर्वीचे फौजदारी गाईड स्वस्त असले तरी महागात पडते. मात्र जुनी संहिता टाकूनही देता येत नाही. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या अपराधांचे खटले जुन्या दंड संहितेनुसारच चालतील आणि उदगीर, लातूर, नांदेडच्या न्यायालयांत ते पुढील बरीच वर्षे चालणार आहेत. शिवाय सदोष मनुष्यवध आणि खून यांतील भेद स्पष्ट करणारे सगळे महत्त्वाचे निवाडे जुन्या कलमांच्या आकड्यांनी लिहिलेले आहेत. येथे लागणारे पूरक साधन म्हणजे जुनी व नवी कलमे समोरासमोर मांडणारा तुलनात्मक तक्ता आणि त्यासोबत नेमके काय बदलले याचे टिपण. नव्याने आलेली समाजसेवेची शिक्षा, जमावाने केलेल्या हत्येसाठी 103 मधील स्वतंत्र पोटकलम, वगळले गेलेले अनैसर्गिक संभोगाचे 377 आणि व्यभिचाराचे 497 : हे बदल ज्या तक्त्यात दिसत नाहीत आणि केवळ आकड्यांच्या जोड्या आहेत, तो तक्ता अपुरा समजावा.

आवृत्ती जुनी आहे की नाही, हे मुखपृष्ठावरील वर्षावरून ठरवू नये; जुन्याच मजकुरावर नवे वर्ष छापलेली पुस्तके बाजारात असतात. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमातील 2018 ची दुरुस्ती ही चांगली कसोटी आहे. करारपूर्तीचा हुकूम देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे, असे एखादे पुस्तक अजूनही बिनदिक्कत सांगत असेल, तर 1 ऑक्टोबर 2018 पासून अमलात आलेली ती दुरुस्ती लेखकाने वाचलेली नाही, आणि मग त्याच्या इतर पानांवरही विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. संविधानाच्या पुस्तकाबाबत अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा, म्हणजे आरक्षणासाठी त्यांचे पोटगट पाडण्याचा, मुद्दा पाहावा. चिन्नय्या प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे उपवर्गीकरण अमान्य केले होते. 1 ऑगस्ट 2024 रोजी दविंदर सिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय फिरवला. लातूर-नांदेड भागातील वर्गात या प्रश्नावर चर्चा होणारच, आणि त्या चर्चेत वीस वर्षांपूर्वीचा कायदा घेऊन उतरणे विद्यार्थ्याला परवडणारे नाही.

संविधानासाठी कालक्रम का लागतो, तेही यावरून उमगेल. गोलकनाथ 1967, केशवानंद भारती 1973, मिनर्व्हा मिल्स 1980 ही निवाड्यांची रांग घटनादुरुस्तीच्या मर्यादांची. गोपालन 1950, मनेका गांधी 1978, पुट्टस्वामी 2017 ही रांग जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काची. केशवानंद भारतीमध्ये तेरा न्यायमूर्ती बसले होते आणि मूलभूत संरचनेचा, म्हणजे संविधानाचा गाभा घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाही हा, सिद्धान्त सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने आला, हे माहीत असलेला विद्यार्थी त्या सिद्धान्ताबद्दल अधिक जबाबदारीने लिहितो.

मराठवाड्याच्या विद्यार्थ्यापुढे याखेरीज आणखी एक उणीव उभी असते, आणि तिचा विचार राष्ट्रीय पातळीवरील कोणतेही गाईड करीत नाही. मुंबई प्रांतात कायद्याचे शिक्षण 1855 पासून शासकीय विधी महाविद्यालयात इंग्रजीतून चालले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी वर्ग चालवला तोही त्याच परंपरेत बसतो. जळकोट, उदगीर, कंधार हा सारा प्रदेश मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे न्यायालयाची भाषा उर्दू होती, 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकवले जात असे, आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथांचे उर्दू भाषांतर करणारे स्वतंत्र खाते उभारले गेले होते. म्हणजे पूरक ग्रंथांची गरज या प्रदेशात राज्यसंस्थेने ओळखली होती, परंतु बहुसंख्य लोकांच्या भाषेत ती कधीच भागली नाही. आणि संस्थान विलीन झाल्यावर येथील वकिलांना भाषा बदलून पुन्हा उभे राहावे लागले. निजामकालीन महसुली कागद आजही उर्दूत सापडतात, तेव्हा त्या काळाशी संबंध संपला असेही म्हणता येत नाही.

आज विद्यार्थी दहावी-बारावी मराठीतून करतो, महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथ वाचतो, तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठी कामकाज ऐकतो आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पुन्हा इंग्रजीकडे येतो. या तीन वळणांवर त्याला आधार देणारे पुस्तक म्हणजे त्याचे खरे दुसरे पुस्तक. शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणि अधिनियमांच्या अधिकृत मराठी आवृत्त्या यांची योग्यता त्यामुळे कोणत्याही गाईडहून जास्त आहे. इंग्रजी कलम डावीकडे व मराठी कलम उजवीकडे ठेवून पहिल्या सत्रातील प्रत्येक महत्त्वाचे कलम एकदा वाचावे, ही शिफारस या पुस्तकात वारंवार येईल. प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिले जाणारे काहीतरी, ही संकल्पना इंग्रजीतून घोकलेला विद्यार्थी सोयाबीनच्या आगाऊ सौद्याला ती लावताना अडखळतो. दोन्ही भाषांतून वाचलेला विद्यार्थी सहसा अडखळत नाही. परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा कोणत्या विषयांना आहे, हे प्रवेश घेतानाच महाविद्यालयाकडून जाणून घ्यावे, कारण पुस्तकांची खरेदी त्यावर अवलंबून राहते. हिंदीतील गाईड मराठी विद्यार्थ्याला सोपी वाटतात हे खरे, पण त्यांतील परिभाषा मराठी परिभाषेशी जुळतेच असे नाही.

कौटुंबिक कायद्याविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. तेथे पारस दिवाण यांच्यासारखे सुबोध ग्रंथ उपलब्ध आहेत आणि अधिनियम लहान आहेत. जमीनविषयक कायदे बहुधा पुढील वर्षांत येतात, तरी एवढी नोंद आवश्यक आहे की कुळांच्या हक्कांबाबत मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे, तर पुणे-मुंबईकडील पुस्तके 1948 च्या दुसऱ्याच अधिनियमावर लिहिलेली असतात.

खर्चाचा विचार केल्यास, आज पूरक साधनांतील सर्वांत मोलाची साधने विनामूल्य आहेत, आणि ही गोष्ट तालुक्याच्या गावी अजून पुरेशी पोहोचलेली नाही. केंद्रीय अधिनियम इंडिया कोड या संकेतस्थळावर अद्ययावत स्वरूपात मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 2023 पासून ई-एससीआर या ऑनलाइन निवाडा-संग्रहावर खुले आहेत आणि त्यांपैकी अनेकांची मराठी भाषांतरे तेथेच वाचता येतात. घटनापीठांपुढील सुनावण्या सप्टेंबर 2022 पासून थेट पाहता येतात. संगणकीय चॅटबॉटकडून खटल्यांचे सारांश करून घेण्याची सवयही वाढत आहे. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली मटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी अशा साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. साधनाने सांगितलेला निवाडा मूळ संग्रहात उघडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये; ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याला हे दोन मिनिटांत करता येते.

मागील प्रश्नपत्रिका आणि उत्तरसंच यांना या पुस्तकात कमी लेखलेले नाही. ते सत्राच्या शेवटी घ्यावेत, एवढेच म्हणणे आहे. जून-जुलैत घेतलेला उत्तरसंच कलम वाचण्याची गरजच संपवतो. परीक्षेच्या महिनाभर आधी घेतलेला तोच संच उत्तर किती लांब असावे, प्रसंगावर आधारित प्रश्नात वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, लागू होणारे कलम, त्याचा वापर आणि निष्कर्ष असा क्रम कसा ठेवावा, हे शिकवतो. पदवीनंतर सनद कायम करण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि तीत टीपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेण्याची परवानगी असते. तेथे गाईड आत नेता येत नाही, आणि तीन तासांत योग्य कलम सापडते ते पहिल्या वर्षापासून ती पाने चाळलेल्या विद्यार्थ्यालाच.

पुढील प्रकरणांची मांडणी याच धोरणाने केली आहे. प्रत्येक विषयाच्या आरंभी मुख्य साधन कोणते आणि त्यात काय उणे आहे ते सांगून मगच पुस्तकांची नावे घेतली आहेत. नावांपुढे कोणती प्रकरणे वाचावीत आणि कोणती पहिल्या वर्षात सोडून द्यावीत याचीही नोंद आहे. प्रकरणांचा आरंभ करार कायद्यापासून होतो, कारण बहुतेक महाविद्यालयांत तोच विषय पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि विद्यार्थ्याची पहिली खरेदीही त्याच विषयाची असते.